बाळंतपण नांदेडलाच होणार

१२ एप्रिल २०१६, मंगळवार

ह्यांनी ऑफिसातून रेल्वेची डायरी आणली होती. जानेवारीपासून कोरीच पडली. म्हणलं मी लिहिते. चौथी पास हाय, लिहिता येतं मला. कारण एकच. लातूरच्या विहीणबाई, भामाबाई, फोनवर एक बोलतात आन् नंतर म्हणतात मी असं बोललेच न्हाई. आता नोंद राहील.

आजची नोंद. लातूरला रेल्वेनं पाणी आलं. मिरजेहून डबे भरून. टीव्हीवर दिवसभर तेच दाखवून राहिले. इकडं आमच्या उशाला गोदावरी, तिला कोणी टीव्हीवर दाखवत न्हाई.

लातूर लई चढवून ठेवलेलं गाव हाय. लातूर पॅटर्न, लातूर पॅटर्न. पॅटर्न हाय, पाणी न्हाई. नांदेडला गुरुद्वारा हाय, देशातून लोक येतात. रेल्वेचं मोठं ऑफिस हाय. नाव मात्र लातूरचं.

ठराव: पंचशीलाला शनिवारी घेऊन यायचं. आठवा लागलाय. लेकीचं पहिलं बाळंतपण माहेरी, हा रिवाज. ते नांदेडलाच होणार. लिहून ठेवलं.

त्याच दिवशी, संध्याकाळी

ह्यांना म्हणलं, शेवटी लातूरला पाणी आपल्या रेल्वेनंच पाजलं. हे म्हणाले लातूर आपल्या डिव्हिजनमध्ये येत न्हाई, सोलापुरात येतं. म्हणलं रेल्वे ती रेल्वे. साहेबरावांना तीस वर्षं नोकरी करून एवढं कळू नये.

१४ एप्रिल

जयंती. सकाळी विहारात वंदना, मग विहीणबाईंना फोन. जयभीम झाला आन् लगेच म्हणाल्या आमची मिरवणूक लई मोठी असती. म्हणलं आमची लांब असती, आमच्याकडं रस्ते हायेत.

मग हळूच म्हणाल्या, पंचशीलाला इकडंच राहू द्या, लातूरला डॉक्टर चांगले हायेत. म्हणलं असतील वो, पण ते हात कशानं धुणार?

जिंकले.

जाता जाता सांगितलं की आमच्या नांदेडात नळाला इतकं पाणी असतं की बंद करायला माणूस ठेवावा लागतो. (आज नळ तिसऱ्या दिवशी आला. पण ते तात्पुरतं हाय.)

१६ एप्रिल, शनिवार

पंचशीलाला घेऊन आले. लातूरच्या घरात पाऊल ठेवलं तर दारापासून मोरीपर्यंत सात ड्रम. झाकणं. झाकणांना कुलपं! विहीणबाईंनी एकेक ड्रम असा दाखवला जशी काही नवीन गाडी घेतली. हा पिण्याचा, हा भांड्याचा, हा पाहुण्यांचा. व्याही लिंबाजीराव मागं उभे राहून माना डोलवत होते.

मग मला विचारलं, पाणी किती पिणार? आधी विचारलं, मग ओतलं! नांदेडात असं विचारलं तर माणूस चप्पल घालून चालता होईल. अर्धा ग्लास म्हणले. तहान पुरी गाडीभर राहिली.

जावईबापू शिकवणीच्या क्लासवर. त्यांना तिथं सुट्टी न्हाई.

निघताना विहीणबाई पंचशीलाला म्हणाल्या, करमलं न्हाई तर ये बाई परत. मी ऐकलं. नोंद केली.

१९ एप्रिल

शेजारच्या तुळजाबाईनं दोन ड्रम आणले. म्हणाली तुलापण आणू का, दुकानात संपून राहिलेत. म्हणलं नांदेडात आन् ड्रम? लोक बघतील. ड्रम ही लातूरची निशाणी हाय.

नळ न्हाई. पाचवा दिवस.

२३ एप्रिल

पंचशीलानं विचारलं केस धुवायला पाणी कुठंय. म्हणलं पाईपाचं काम चाललंय. ती म्हणाली बरं. मग एका तांब्यात अंघोळ केली, त्याच पाण्यात साडी भिजवली, तेच पाणी मोरीत टाकलं. बघतच राहिले. माझी पोरगी, माझ्या घरात, लातूरची अंघोळ करून राहिली!

आज नळ आला, वीस मिनिटं. होतं नव्हतं ते भरून घेतलं. हंडे, कळशा, पातेली, ह्यांचा डबा, कुकर. कुकरात पाणी म्हणून भात झाला न्हाई. भाकरी केली. हे म्हणाले एखादा ड्रम असता तर. मी बघितलं. भाकरी खाल्ली त्यांनी.

२७ एप्रिल

विहीणबाईंचा फोन. पाण्याचं कसं काय? म्हणलं अवो काय सांगू, पाण्याचा कंटाळा आला. परवा काही काम नव्हतं म्हणून घरातल्या सगळ्या गोधड्या धुतल्या.

तिकडून म्हणाल्या, सगळ्या? म्हणलं सगळ्या.

पंचशीला समोर बसून शेंगा निवडत होती. तिनं माझ्याकडं बघितलं. म्हणलं तू शेंगा बघ.

१ मे, रविवार

मुखेडहून भाऊ केरबाचा फोन. लई खुशीत. म्हणाला उदगीर जिल्हा होणार असं लोक बोलून राहिले, आन् मुखेड त्यात जाणार. म्हणलं तुला कामून आनंद झाला? म्हणाला कलेक्टर जवळ येईल. म्हणलं कलेक्टर काय तुझ्या घरी जेवायला येणार हाय? आन् माझं माहेर असं कोणी उचलून दुसऱ्या जिल्ह्यात ठेवील का? तो म्हणाला ताई, गाव तिथंच राहतं, फक्त कागद हलतो.

त्याला काही कळत न्हाई. लहानपणीपण असाच होता.

ठराव: वर अर्ज करायचा. पंचशीलाकडून लिहून घ्यायचा. ती म्हणाली आधी पाण्याचा अर्ज कर. आजकाल उलट बोलून राहिली. लातूरची हवा.

४ मे

विहीणबाईंचा फोन. म्हणाल्या आम्ही दोघं येऊन राहिलो, आठ दिवस. लिंबाजीरावांनी दोन महिन्यांत अंगभर अंघोळ केली न्हाई. गोधड्यापण घेऊन येतो, तुमच्याकडं एवढं पाणी हाय तर होऊन जाईल म्हणाल्या.

माझ्या तोंडातून आलं, या की.

फोन ठेवल्यावर हे म्हणाले आता? म्हणलं आता काय, पाहुणे येतात तेव्हा नळपण येईल. नांदेडची इज्जत नांदेड राखतं.

पंचशीला म्हणाली आई, खरं सांगून टाक. म्हणलं खरंच सांगितलं होतं. तेव्हा खरं होतं.

६ मे, शुक्रवार

आले. एसटीच्या टपावरून दोन गठ्ठे उतरले. मोजल्या. अकरा गोधड्या. त्यातल्या चार त्यांच्या शेजारणीच्या! विहीणबाईंनी गल्लीत सांगितलं होतं म्हणे, की आमच्या सुनेच्या माहेरी गोधड्या काम नसलं म्हणून धुतात.

लिंबाजीरावांनी चहाच्या आधी विचारलं न्हाणी कुठंय. आत गेले आन् गाणं म्हणायला लागले. सहा महिने माणूस हूं का चूं करत न्हाई आन् आज गाणं! तीन बादल्या. बाहेर आले ते नव्या नवरदेवासारखे. म्हणाले विहीणबाई, नांदेड ते नांदेड.

त्या तीन बादल्या आमच्या चार दिवसांच्या होत्या. पण वाक्य चांगलं होतं. विहीणबाईंचं तोंड बघण्यासारखं झालं.

७ मे

गोधड्या घरी धुणं शक्य न्हाई. विहीणबाईंना म्हणलं नळाच्या पाण्यात काय मजा, चला आमची नदी बघा. ऑटोत गठ्ठे घालून घाटावर गेलो.

पायऱ्या उतरलो. उतरतच राहिलो. खाली चिखल, त्याला भेगा. मधोमध एक म्हैस, तीपण कोरडी.

विहीणबाई म्हणाल्या, नदी कुठंय?

म्हणलं आज सोडली न्हाई वाटतं.

म्हणाल्या, नदीपण पाळीनं सोडता?

गठ्ठे परत ऑटोत घातले. घरापर्यंत ऑटोवाला तेवढा हसून राहिला.

८ मे, सकाळी

नळ न्हाई. दिवस मोजायचे सोडले. एक कळशी उरली. लिंबाजीराव टॉवेल खांद्यावर टाकून न्हाणीपाशी उभे. पंचशीलानं सगळं सांगून टाकलं. पाईपाचं, गोधड्यांचं, कुकराचं. सगळं. पोटची पोरगी.

८ मे, दुपारी

वाटलं विहीणबाई आता हसतील. हसल्या असत्या तर भांडता आलं असतं. त्यांनी पदर खोचला. तुळजाबाईकडून एक ड्रम मागून आणला. माझ्या दारात! सगळ्यांना तांबे वाटून दिले. तांदळाचं धुवण भांड्यांना, भांड्यांचं मोरीला. पंचशीलाला मात्र दोन तांबे, पोटुशी हाय म्हणून. लिंबाजीरावांनी एका तांब्यात अंघोळ केली. गाणं न्हाई.

कबूल करते, पाणी पुरलं. पण ही हुशारी न्हाई. सराव हाय.

११ मे

पंचशीला म्हणते लातूरला जाते. तारीख अठ्ठावीसची हाय. म्हणते तिथं पाणी कमी, पण कोणत्या वारी येणार ते ठाऊक असतं. इथं वारच न्हाई. उद्या लेकराला न्हाऊ काय घालणार?

म्हणलं पहिलं बाळंतपण माहेरी. ती म्हणाली आई, तुला नातवंड पाहिजे का नांदेड जिंकायला पाहिजे?

म्हणलं दोन्ही.

हे फिसकन हसले. त्यांना चहा दिला न्हाई.

विहीणबाई फक्त पोरीची बॅग भरायला लागल्या. हे जास्त लागलं. जावईबापूंचा फोन, म्हणाले मी आलो असतो पण शुक्रवारी टँकरचा नंबर हाय, ड्रमजवळ माणूस लागतो.

ठराव: मीपण संगं जायचं. वाटेत लोह्यापर्यंत पोरीचं मन वळवायचं आन् गाडी माघारी फिरवायची. एवढं जमतंच मला.

१३ मे, शुक्रवार, सकाळी

जीप आली. मागं अकरा गोधड्या, न धुतलेल्या. मन वळवण्याची तयारी करून ठेवलीय. हे घर राखायला मागं थांबले. डायरी पिशवीत घेतली.

१३ मे, रात्री साडेसात

नीट लिहिते.

लोहा आलं तेव्हा पोरगी झोपलेली. झोपलेल्या माणसाचं मन कसं वळवणार? पुढं अर्ध्या वाटेवर, अहमदपूरच्या अलीकडं ती एकदम उठली आन् तिनं विहीणबाईंचा हात धरला. माझा न्हाई, मी पुढच्या सीटवर होते. सुरू झालं होतं. पंधरा दिवस आधी.

ड्रायव्हरनं विचारलं, मागं नांदेडला का पुढं लातूरला?

मी म्हणलं नांदेड. विहीणबाई म्हणाल्या लातूर. एकदमच. परत तो म्हणाला नक्की सांगा, परत आम्ही तसंच सांगितलं. लिंबाजीराव दोघींकडं बघून राहिले. तेवढ्यात पंचशीला ओरडली की तुमची दोन्ही गावं जळू द्या, मला दवाखान्यात न्या! ड्रायव्हरनं आम्हाला विचारायचंच सोडलं. अहमदपूरच्या सरकारी दवाखान्यात गाडी घातली.

दोन तास बाकावर. विहीणबाईंच्या शेजारी. त्या म्हणाल्या मी लातूर म्हणायला नको होतं. मग म्हणले, मीपण नांदेड.

तीन वाजून दहा मिनिटांनी मुलगी झाली. आईसकट ठीक. जीव भांड्यात पडला.

१४ मे, शनिवार

सकाळी नोंदीसाठी बाबू आला. शिवप्पा नाव. जन्माचं ठिकाण म्हणून लिहायला लागला, अहमदपूर. म्हणलं थांबा बाबा, तिकडं नांदेड लिहा, आम्ही नांदेडचे. विहीणबाई म्हणाल्या लेकरू लातूरचं हाय. मग दोघी मिळून म्हणलो दोन्ही लिहा. तो म्हणाला रकाना एकच हाय, आन् जिथं जन्म तिथंच नोंद. आम्ही म्हणलो कोणाला कळणार हाय? तर लई चिडला. म्हणाला आमचं अहमदपूर काय रस्त्यात पडलंय का? आमच्याकडं शाळा बघा, बाजार बघा, माणसं बघा. नांदेडची नदी आटली, लातूरला गाडीनं पाणी प्यावं लागतं, आन् कमीपणा आम्हाला? दहा मिनिटं बोलत होता. काय एकेक घमंडी माणसं असतात.

पंचशीला खाटेवरून म्हणाली लिहा वो दादा, अहमदपूर लिहा.

लिहिलं.

नर्स नीलम्मानं घरच्या विहिरीची बादली आणली लेकराला न्हाऊ घालायला. तिच्या घरचं आज त्यात किती गेलं ते तिनं सांगितलं न्हाई. बादलीची कडी एकीकडून मी धरली, एकीकडून विहीणबाईंनी. पाणी सांडू नये म्हणून. नीलम्मा म्हणाली पाच दिवस इथंच राहा, ओल्या बाळंतिणीला या उन्हात कुठं फिरवता, माझ्याकडं खोली हाय. सगळे हो म्हणाले. मला कोणी विचारलं न्हाई.

ठराव: पाच दिवसांनी नांदेड. पंचशीला म्हणते बघू.

दुपारी तुळजाबाईचा फोन. झाली का मोकळी? म्हणलं झाली, मुलगी, लई गोरी. म्हणाली कुठं झाली? म्हणलं नांदेडच्या जवळच. म्हणाली जवळ म्हणजे, विष्णुपुरीच्या दवाखान्यात? म्हणलं त्याच्या थोडं पुढं. म्हणाली थोडं म्हणजे किती?

म्हणलं हॅलो, हॅलो, आवाज येत न्हाई.

आवाज लई स्वच्छ येत होता.