खाली उतरून बघितल्याशिवाय

मुक्काम कॅथरीन, शनिवार

तीर्थरूप रसेलदादास,

मर्विनचा नमस्कार. पण तो घेण्याआधी पाकीट उलटं करून बघ. कड उचकटलेली दिसली तर समज, इथल्या पोस्टातल्या बाईने वाचलंय. (हल्ली ती मला "काय मर्विन, बरं चाललंय ना?" असं विचारते. इतकी वर्षं नाही विचारलं, आताच का?) तुझ्या गुडघ्याला उतार आहे असं तू कळवलंस, त्यावरही माझा विश्वास नाही. ग्लेनिसवहिनीने खरं काय ते एका ओळीत कळवावं. ॲडलेडला थंडी पडली असेल, कानाला बांधून फिर.

इकडची हकीकत अशी, की मला कोणीतरी घरी बसवायला निघालंय, असं परवापर्यंत माझं पक्कं मत होतं. ट्रेलर जोडायला अडखळणाऱ्या ड्रायव्हरांना कंपनी माझ्या हाताखाली देते हे तुला ठाऊक आहे. या खेपेला दोघं होते. एक डॅरेन, डार्विनला शाळेची बस चालवायचा. दुसरी लिनेट. तिचा नवरा गॉर्डन बुलारा फार्मवरची गुरं वाहायचा, तो पावसाळ्यात गेला. ट्रक आणि कंत्राट हिच्याकडे आलं. पुढच्या महिन्यात गुरं हलायची. शुक्रवारच्या परीक्षेत पास झाली तर कंत्राट हिचं, नाहीतर दुसरा कोणी टपलेलाच आहे. बाई रस्त्यावर झकास चालवते, पण ट्रेलर जोडायला घेतला की सगळं बिनसायचं. (पहिल्या दिवशी मला तिचाही संशय आला होता. एवढं होऊनही बाई हसते कशी? नंतर एकदा तिला गाडीमागे डोळे पुसताना बघितलं आणि संशय मागे घेतला.)

तू जन्मभर बँकेत बसलास, म्हणून जरा फोड करून सांगतो. ट्रेलरच्या पोटाखाली पुढच्या बाजूला एक जाडजूड पिन लोंबते. ट्रकच्या पाठीवर जबडा असतो. ट्रक उलटा घेत ट्रेलरखाली शिरायचं, जबड्याने पिन धरली की झालं. पण धरली की नाही, ते वरून कळत नाही. ट्रेलर उंच उभा असेल तर पिन जबड्याच्या वरून निघून जाते, आणि बघणाऱ्याला वाटतं, जमलं! म्हणून आधी गाडीला पुढे झटका द्यायचा, मग बॅटरी घेऊन खाली उतरायचं, वाकायचं आणि जबडा मिटलाय का ते डोळ्यांनी बघायचं. मी पोरांना पहिल्याच दिवशी सांगतो, कोणावर विश्वास ठेवू नका, स्वतःवर तर नाहीच. हे केलं नाही तर ट्रेलरचे पाय (सुटा असताना तो ज्यांवर उभा राहतो, दांडा फिरवला की वरखाली होतात ते) वर घेऊन ट्रक पुढे काढला की ट्रेलर धाडकन नाकावर.

आणि आमच्या यार्डाची रीत अशी, की ज्याने ट्रेलर नाकावर पाडला त्याने सगळ्यांसाठी थंड बियरचं खोकं आणायचं. आता मला सांग, अशा यार्डात कोणाला वाटेल की नवशिक्याने नीट जोडावं? सोमवारी लिनेटने पाडला, मंगळवारी डॅरेनने, बुधवारी परत लिनेटने. मॅनेजर म्हणाला, आता पाडलास तर परीक्षेला बसायचं नाही. बाईचा चेहरा पांढराफटक पडला. माझं डोकं मात्र भलतीकडेच. आमचा मेकॅनिक क्लिफ रोज सकाळी माझा वर्ग सुरू व्हायच्या आत फ्रिज रिकामा करून पुसून ठेवायचा. खोकं येणार हे त्याला आधीच कसं कळायचं? हाच मेला ट्रेलरशी काहीतरी चावटपणा करतो, अशी माझी खात्री पटली.

गुरुवारी म्हटलं, बास. आज मी स्वतः जोडून दाखवतो, आणि क्लिफ काय करतो तेही बघतो. ट्रक उलटा घेताना एक डोळा आरशात, तोही क्लिफवर. झटका द्यायचा राहिला. उतरून बघायचं, तर क्लिफ पाठ फिरवून फ्रिजकडे निघालेला, त्याला नजरेआड कसं होऊ देऊ? डॅरेनला ओरडलो, पाय वर घे! गाडी पुढे काढली. मी पुढे आलो, ट्रेलर नाही आला. असा आवाज झाला की झाडावरचे काकाकुवे उडाले. मग क्लिफ फ्रिजचं दार उघडून म्हणाला, "मास्तर, कुठली आणताय?"

तेवढ्यात बघतो तर लिनेट बॅटरी घेऊन शेजारच्या ट्रेलरखाली आडवी. म्हटलं, "अगं, काय शोधतेस?" तर म्हणे, "कोणी केलं ते. कोणावर विश्वास ठेवू नका, असं तुम्हीच म्हणता ना?" मग बाहेर आली, कपड्यांची लाल माती झटकली आणि विचारलं, "संध्याकाळी ट्रेलरचे पाय फिरवून उंच कोण करून ठेवतं?"

आता दादा, ते मीच. दयेपोटी! नव्यांना खाली शिरायला सोपं जावं म्हणून. माझ्या जुन्या ट्रकची पाठ वीतभर उंच होती, तिला ते चालायचं. हे नवे बुटके ट्रक कंपनीने मला विचारून आणले का? (यातही मला कटाचा वास येतो.) पण खरं सांगतो, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिचं पोट त्या कंत्राटावर, आणि मी फ्रिजवर पाळत ठेवून बसलेलो.

शुक्रवारी परीक्षक आला. लिनेटने आधी ट्रेलरचे पाय बेताचे केले, जोडलं, झटका दिला, उतरून बघितलं. परत बघितलं. तिसऱ्यांदा खाली वाकली तेव्हा परीक्षक वैतागला, "बाई, दिसलं ना एकदा?" ती खालूनच म्हणाली, "दिसलं हो. पण मला मर्विनने शिकवलंय, म्हणून परत बघते." पास झाली. मी दुसरीकडे तोंड करून नाक शिंकरलं. धूळ फार होती.

वहिनीस नमस्कार सांगणे. गुडघ्याचं खरं कळवणे.

तुझा धाकटा,
मर्विन

ता. क. कंत्राट तिलाच मिळालं. पहिल्या खेपांना सोबत म्हणून तिने मला बुलाराला चला म्हटलंय. मी विचारलं, यार्डात इतके धडधाकट ड्रायव्हर असताना मीच का? म्हणाली, "ते जोडतात आणि कॅबिनमध्ये चढून बसतात. तुम्ही आता जन्मभर उतरून बघाल." मला हे उत्तर पुरं वाटत नाही.

ता. क. दुसरा. तिच्या ट्रकमध्ये डाव्या सीटवर गॉर्डनची टोपी असायची. तिला कोणी हात लावलेला लिनेटला खपत नसे. क्लिफने एकदा बसायला म्हणून ती सरकवली, तर त्याला खाली उतरवला होता. आज सकाळी मी दार उघडलं, तर टोपी मागे खुंटीला, आणि सीट रिकामी, पुसलेली. याचा अर्थ काय, ते ग्लेनिसवहिनीला विचार. तुझं मत नको, तू म्हणशील सीट साफ केली असेल. गुरं निघायच्या आत वहिनीने फोन करावा, आणि मी कुठला शर्ट घालू तेही सांगावं. सहज विचारतोय. मला कसलाही संशय नाही.