सेंट रॉकचा नऊ नंबर

नंदाखाल,
सोमवार, १२ जानेवारी १९९८

चि. गॉडफ्रे यास थोरल्या भावाचा आशीर्वाद, वि. वि.

मैदानावर आपण एकमेकांशी बोलत नाही आणि तुझ्या विरारच्या तिसऱ्या मजल्यावर मी चढणार नाही, म्हणून हे पत्र. घरी सगळे बरे आहेत. आईचा गुडघा थंडीने धरलाय. ती तुझी चौकशी करत नाही, असं तुला कळवायला तिनेच सांगितलंय.

आता कामाचं. कालची धरून अकरा मॅच झाल्या, तुझा एक गोल नाही. काल तर गोलकीपर जमिनीवर आडवा, समोर सगळं जाळं मोकळं, आणि तू बॉल मारलास तो वरून थेट बाहेरच्या गटारात. तो काढायला आग्नेलला ढोपरापर्यंत उतरावं लागलं. आपला बॅक गटारात आणि आपला सेंटर फॉरवर्ड कमरेवर हात ठेवून आभाळाकडे बघतोय, हे सगळ्या मुंबईने पाहिलं. चर्चमध्ये मिस्सा सुटल्यावर लोक मला थांबवून विचारतात, तुमच्या भावाला झालंय तरी काय? मी सांगतो, काही नाही, त्याला फ्लॅट झालाय.

लीगच्या पहिल्या विभागातून शेवटचे दोन संघ खाली जाणार आणि आपण शेवटून दुसरे. तीन मॅच उरल्यात. तेवीस वर्षं मी सेंट रॉक फुटबॉल क्लबचा कोच आहे, एकाही मॅचला चुकलो नाही, बागेत पाणी सोडायचं राहिलं तरी मैदान राहिलं नाही. ते काही खालच्या विभागात जाण्यासाठी नव्हे. प्रॅक्टिस सकाळी सहाला. यायचं तर वेळेवर ये.

कळावे. लोभ वाढावा असं तू काही केलेलं नाहीस. आहे तेवढा राहू दे.
हिलरी

विरार (प.),
१५ जानेवारी

ती. दादास सा. न. वि. वि.

तुझं पत्र सहा किलोमीटर यायला तीन दिवस लागले, ते बरंच झालं. त्याच दिवशी हाती पडलं असतं तर मी वेगळी भाषा लिहिली असती.

मी घर का सोडलं हे तुला ठाऊक आहे. मे महिन्यात आपण आगाशीला हरलो, तेव्हा शंभर माणसांसमोर तू म्हणालास की पप्पा गेले ते सुटले, हा खेळ बघायला उरले नाहीत. त्या संध्याकाळी मी जेवलो नाही आणि तू माझ्या वाटणीची मासळीही खाल्लीस. फ्लॅट त्यानंतर झाला.

मॅचभर तू रेषेवरून ओरडतोस. तुला वाटतं आपली बोली मुंबईच्या पोरांना कळत नाही. 'ओंडका' सगळ्यांना कळतं. रविवारी त्यांचा बॅक माझ्या कानाशी येऊन तेच म्हणाला, आणि उच्चारही अगदी तुझ्यासारखा. आग्नेलला तू बजावलंयस की नऊ नंबरला बॉल देण्यापेक्षा सरळ बाहेर मार. तो साधा माणूस आहे, त्याने येऊन मलाच सांगितलं.

माझ्याऐवजी दुसऱ्याला खेळवायचं असेल तर खुशाल खेळव. पण तुझ्याकडे दुसरा कोणी नाही, म्हणून मी आहे. सहाला येतो.

आईला सांग, मीही तिची चौकशी केलेली नाही. गुडघ्याचं तेल आग्नेलच्या हाती दिलंय.

तुझा (नाइलाजाने) धाकटा,
गॉडफ्रे

नंदाखाल,
२० जानेवारी

गॉडफ्रेस आशीर्वाद.

रविवारी बरोबरी झाली, एक गुण मिळाला. त्यात तुझा वाटा नाही. आता बारा मॅच.

काल आगाशीच्या बाजारात एक गोष्ट कानावर आली. परळच्या कंपनीच्या संघाचा मॅनेजर तुझ्या बिल्डिंगमध्ये येऊन गेला म्हणे, आणि तुला त्यांच्याकडून खेळायचं नि कायमच्या नोकरीचं बोलणं झालं. एक फेब्रुवारीला आपली शेवटची मॅच त्याच संघाशी आहे. त्यांच्या नि आपल्या गुणांत कितीसा फरक आहे हे तुला सांगायला नको. त्या दिवशी दोघांतला एक खाली जाणार.

पाय चालत नसेल तर तो देवाच्या हातचा. पण कोणी पाय मुद्दाम आखडता घेत असेल, तर त्याने यापुढे पप्पांच्या क्रुसापुढे मेणबत्ती लावू नये.

मॅनेजर आला होता का? हो की नाही, एवढंच लिही.
हिलरी

विरार,
२३ जानेवारी

दादा,

हो.

डिसेंबरात आला होता. मी चहा दिला आणि नाही म्हणून सांगितलं. वालीवच्या गाळ्यातल्या कारखान्यात मी हंगामी कामगार आहे, कधीही काढतील, हे ठाऊक असून नाही म्हटलं. तुला सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर तू आता लिहिलंस तेच तेव्हा म्हणाला असतास.

तेरा वर्षांचा होतो तेव्हापासून तुझ्या हाताखाली खेळतोय. मी वाईट खेळतो असं तू म्हण, ते खरं आहे. मी विकला गेलो असं तू लिहिलंस. ते पत्र मी फाडलेलं नाही, ठेवलंय.

एक तारखेपर्यंत खेळतो. त्यानंतर आपला संबंध आईपुरता.
गॉडफ्रे

विरार,
२७ जानेवारी

ती. भाऊजींना जेनिफरचा सा. न. वि. वि.

मी तुम्हाला कधी लिहिलं नाही आणि हे लिहितेय ते गॉडफ्रेला ठाऊक नाही. गावात म्हणतात की मी त्याला घरातून काढलं. तुम्हीही तसं म्हणता. मी सहा महिने त्याला परत चला म्हणून विनवलं, पण हे तुम्हाला कोण सांगणार?

रोज पहाटे तो अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर जातो. दोन काठ्या रोवतो नि बॉल मारत बसतो. मी दोनदा सोबत गेले. दहातले नऊ दोन काठ्यांमधून जातात, डाव्या पायानेसुद्धा. सुकत घातलेल्या मासळीशी बसलेल्या बाया हात थांबवून बघतात. हाच माणूस मैदानात ओंडका कसा होतो, ते बघायला मी रविवारी पहिल्यांदा मॅचला आले. तुम्ही मला पाहिलंत आणि मान फिरवलीत.

आग्नेलच्या गोलाने आपण जिंकलो. पण मी बॉल बघत नव्हते, गॉडफ्रेला बघत होते. बॉल त्याच्याकडे यायला निघाला की तो आधी तुमच्याकडे बघतो. तुम्ही तोंड उघडलेलं असतं. मग तो बॉलकडे बघतो, तोवर बॉल निघून गेलेला असतो. घरी मी त्याला हे विचारलं. तो म्हणाला की बॉलच्या आधी दादाचा आवाज पोचतो.

एक तारखेला तुम्ही येऊ नका. मी विनंती करत नाही, सांगतेय. तुम्हाला क्लब वाचवायचाय की भावाला हरलेला बघायचाय, ते ठरवा. राग आला तर येऊ द्या. तसाही माझ्यावर तुमचा राग आहेच.

आईंना नमस्कार.
जेनिफर

विरार,
२ फेब्रुवारी

दादास,

नमस्कार लिहावासा वाटत नाही, तरी लिहिला असं समज.

काल तू आला नाहीस. आग्नेल म्हणाला तुला ताप आहे. तेवीस वर्षांत तुला ताप आला नाही असं नाही. पप्पांच्या मातीच्या दुसऱ्या दिवशीही तू रेषेवर उभा होतास.

पहिला गोल मी सोळाव्या मिनिटाला केला, डाव्या पायाने. दुसरा मध्यंतरानंतर, डोक्याने. दोन-एक झालं. तिथून आपल्या बॅकना काय झालं ते देव जाणे. जो तो दुसऱ्याचं तोंड बघत होता. पुढे हो, मागे हो, माणूस धर, असं सांगणारं कोणी नव्हतं. दोन-दोन झालं. शेवटच्या मिनिटाला त्यांना कॉर्नर मिळाला तेव्हा लांबच्या खांबाशी आपलं कोणीच नव्हतं, तिसरा गोल तिथूनच झाला. आग्नेल मैदानात बसून रडला.

आपण खाली गेलो. मी दोन गोल केले आणि आपण खाली गेलो, कारण ज्या दिवशी संघाला तू हवा होतास त्या दिवशी तू अंथरुणात होतास. मला ओरडायला तुझ्याकडे वर्षभर आवाज होता.

मॅच संपल्यावर त्यांचा मॅनेजर पुन्हा भेटला. या वेळी मी हो म्हणालो.
गॉडफ्रे

नंदाखाल,
६ फेब्रुवारी १९९८

सौ. जेनिफर हिस आशीर्वाद, वि. वि.

तुझं पत्र उद्धट होतं. थोरल्या दिराला असं कोणी लिहीत नाही. ते खरं होतं, याचा राग मला जास्त आहे.

गॉडफ्रेला मी चार ओळी लिहून ताप होता म्हणून कळवलंय. तो विचारेल तर तूही तेच सांग. तुझ्या सांगण्यावरून मी आलो नाही हे त्याला कळलं, तर ते दोन गोल त्याला माझ्या गैरहजेरीचे वाटतील. ते त्याचे आहेत. गाव म्हणतं, क्लब बुडताना हिलरी घोंगडी पांघरून निजला. कमिटी रविवारी बसतेय, बहुतेक दुसरा कोच नेमतील. म्हणू देत. नेमू देत.

नोकरी घेतली ते त्याने बरं केलं. हे त्याला मी लिहिणार नाही, तुला लिहितो.

आता तुला म्हणून सांगतो. मी अंथरुणात नव्हतो. परळला मैदानाच्या मागच्या भिंतीबाहेर, रस्त्यावर उभा होतो. तिथे एक ड्रायव्हर आपल्या टॅक्सीच्या टपावर चढून मॅच बघत होता आणि मोठ्याने सांगत होता. पहिला गोल त्याच्याकडून ऐकला. दुसऱ्याला तो टपावर इतका नाचला की पत्रा वाकला. मग आपले बॅक विस्कटू लागले. तो सांगे ते ऐकूनच मला कळत होतं कोण कुठे चुकतोय. त्यांना कॉर्नर मिळाला म्हणाला, तेव्हा लांबचा खांब मोकळा असणार हे मला भिंतीआडून दिसलं. तिथून हाक मारली असती तर आग्नेलला नक्की ऐकू गेली असती. पण नऊ नंबरलाही गेली असती. मी रुमाल तोंडात कोंबला.

सगळं झाल्यावर ड्रायव्हर खाली उतरला. म्हणाला, बिचारा नऊ नंबर, काय खेळला, तुमचा कोणी लागतो का? मी म्हटलं, माझा भाऊ आहे. आणि लगेच स्टेशनकडे निघालो, कारण गॉडफ्रे बाहेर येऊन समोर उभा राहिला असता, तर मी काहीतरी बोललो असतो.

दोघांना आशीर्वाद. लोभाचं तुमचं तुम्ही बघा.
हिलरी