उलट्या पायांची गाडी

२ डिसेंबर

पोलिसांनी गाडी सोडली. बाबांची जुनी मोटारसायकल – माझ्याहून वयाने मोठी! टेम्पोतून उतरवून गॅरेजच्या कोपऱ्यात उभी केली. मंगेशने तिच्याकडे धड पाहिलंही नाही. वर ताडपत्री टाकली आणि न जेवताच बाहेर गेला.

माझा भाऊ जगन याच गाडीवर गेला. दिवाळीच्या आधी, खोडाळ्याच्या उतारावर. त्याच्या आदल्याच आठवड्यात माझ्या नवऱ्याने, मंगेशने, तिला मागचे ब्रेक शू नवे बसवले होते. मग काय! माहेरी, सगळ्या पोशेऱ्यात एकच – "जावयाचे ब्रेकनं पोऱ्या खाल्ला." परक्यांचं मी ऐकून घेतलं असतं. पण आईच बोलली. दिवसकार्याला मंगेशला भरल्या ताटावरून उठवलं. तेव्हापासून ती आमचं तोंड बघत नाही.

आणि हा गप्प. अरे, चुकलं असेल तर चुकलं म्हण, नसेल तर नाही म्हण!

५ डिसेंबर

आजही गिऱ्हाईक नाही. ब्रेक फेलवाल्याकडे कोण येणार?

६ डिसेंबर

मंगेश पार्ट आणायला नाशिकला गेला. मी ताडपत्री काढली. लग्नापासून स्पेअरचं काउंटर सांभाळते, पाना मलाही धरता येतो. मागचं चाक काढलं. शूवर तेल उतरलं असेल, त्याच्यावरचं लायनर सुटलं असेल, काहीतरी निघणारच असं धरून चालले होते. खोटं कशाला लिहू? माझाही संशय होताच.

व्हर्निअर लावला. शू ज्याला आतून टेकतात तो ड्रम आडवा मोजला, उभा मोजला, तिरपा मोजला. सगळीकडे सारखा. दोन्ही शूंचं लायनर एका जाडीचं, कोरडं, तेलाचा थेंब नाही. आणि कडेला जरासं पांढरं – खडू!

तो खडू बघून रडूच फुटलं. नवा शू मंगेश कधी तसाच बसवत नाही. ड्रमला आतून खडू फासतो, चाक फिरवतो, शूवर जिथे खडू उमटतो तेवढंच घासतो. परत खडू, परत घासणं, सगळा शू नीट टेकेपर्यंत. हे शू बसवले त्या दिवशी बाबांबरोबर आलेला जगन इथेच स्टुलावर बसून हसत होता. "दाजी, गाडीचा लगीन हाय का? पावडर लावता ती!" मग बाबांना म्हणाला, "तुझी गाडी हडळ हाय बा. पाय उलटे."

बाबाही हसले होते.

७ डिसेंबर

चाक बसवलं, ब्रेकचा रॉड आवळला. गॅरेजमागच्या उतारावर गाडीवर बसले, सोडली आणि ब्रेक दाबला. जागच्या जागी उभी! पुन्हा सोडली. पुन्हा उभी! माझ्या नवऱ्याचा ब्रेक चांगला आहे – सगळ्या जव्हारला ओरडून सांगावंसं वाटलं.

मागे वळले तर मंगेश उभा. आता याचा चेहरा खुलेल म्हटलं. कसलं काय! "पाना ठेव. कोणाला सांगू नको," एवढंच म्हणाला.

म्हणजे याला माहीत होतं.

८ डिसेंबर

आज त्याच्याकडून सगळं काढून घेतलं.

बाबांच्या गाडीला ब्रेक डाव्या पायाला, गिअर उजव्या पायाला. जुन्या गाड्यांचं तसंच असतं. जगनची स्वतःची गाडी नवी, तिचा ब्रेक उजव्या पायाला. ती त्या दिवशी पंक्चर होती. बाबांना तंबाखू हवी होती, म्हणून त्यांनी आपली गाडी दिली. वळणावर गुरं आडवी आली की ट्रक आला, कोण जाणे. हाताचा ब्रेक त्या गाडीला नावापुरता. जगनने सवयीने उजवा पाय दाबला. सगळा जोर लावून. तिथे ब्रेक नव्हताच.

गिअरची लिव्हर पार खाली वाकली होती. "पडून वाकली असती तर आत वाकली असती," मंगेश म्हणाला. तो पोचला तेव्हा बाबा जगनचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते, पाठमोरे. मंगेशने एक दगड उचलला आणि लिव्हर ठोकून सरळ केली.

"का पण?"

"त्यांनीच पाठवलेला त्याला, या उलट्या गाडीवर. तंबाखूसाठी! हे कळलं तर बाबा जगतील का? माझ्या ब्रेकला नावं ठेवतात तर ठेवू दे."

राग राग आला त्याचा. आणि त्याच्याच खांद्यावर डोकं ठेवून रडले. भरल्या ताटावरून उठवला याला, आणि हा असा!

११ डिसेंबर

ठरलं. कोणाला सांगायचं नाही. बाबांसाठी. पण जीव तुटतो.

१४ डिसेंबर

बाबा आले. एकटेच, एसटीने. पाणीसुद्धा घेतलं नाही. थेट गाडीच्या उजव्या बाजूला गेले. लिव्हरवर दगडाचे व्रण आहेत, त्यांवरून बोट फिरवलं.

"तू ठोकीत व्हतास तो माला ऐकू येत व्हता, मंगेश."

मंगेश हातातला पाना ठेवून उठला.

"नको बा, पाय उलटे हायेत तिचे, असा बोलला व्हता जगन. मीच धाडला."

"मग इतके दिवस याला बोल खाऊ दिलेत?" मी ओरडलेच.

"तोंडच उघडना माझा," म्हणाले. "काल तुझे आयला सांगितला."

१५ डिसेंबर

आई आली. मंगेशच्या पुढ्यात बसली, त्याचे ऑइलने काळे झालेले हात धरून रडत राहिली. तिच्या मागोमाग बाबा आले होते, ते बाहेर गाडीपाशीच थांबले. तिने त्यांना आत बोलावलं नाही.

मीही नाही.