मधली कोरी जागा

२ फेब्रुवारी

चि. ठोक्यास,
अनेक आशीर्वाद.

आईच्या आठवणीसाठी बाक करतोस, त्याच्या दगडावर कोरायला कविता दे, असं टुमणं लावलं होतंस ना? झाली एकदाची. काल दुपारी खिडकीत बसल्या बसल्या डोळा लागला. आपण चौघं टेकडीवरच्या आपल्या घराकडे चाललो होतो. धुकं इतकं, की स्वतःचे पायही दिसेनात. मागून फक्त आईचा आवाज येत होता. दम्यामुळे निम्म्या चढावर टेकून ती जे म्हणायची, तेच म्हणत होती. जाग आली तेव्हा त्या बोलण्याला चाल लागलेली होती. दोनच ओळी आहेत:

चढ अजून सरला नाही, घर समोर दिसते आहे;
तुम्ही व्हा पुढे, आले मी, जरा इथे बसते आहे.

मोठ्याने म्हणून बघ. पाळण्यासारखी झुलत जाते आणि 'आहे'वर येऊन टेकते. शाळेच्या पुस्तकांसाठी बालगीतं लिहिण्यात माझी हयात गेली, यमकात मी कुणाला हार जायची नाही. फक्त ओळी सलग राहू देत.

आई गेल्यापासून बाबा फाटकाबाहेर पडत नाहीत, हे वाचून जीव तुटतो. उभा जन्म टपाल वाटत हिंडलेला माणूस तो! बाकाच्या निमित्ताने निम्म्या चढापर्यंत जरी उतरले, तरी मी भरून पावले.

तुझ्या गुडघ्याची काळजी घे. माया करतोस तशीच करत राहा.

तुझी,
ताई


११ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

कविता पोचली. कारखान्यात सगळ्यांसमोर डोळे पुसावे लागले, डोळ्यात दगडाची पूड गेली अशी थाप मारली.

आता पुढचं. तू रागावशीलच, पण पत्र पुरतं वाच आणि मग रागाव. आडव्या दगडाच्या पोटात शीर निघाली. छिन्नी लावली आणि अर्धा दगड निखळून पायाशी आला. उरला तो उभा, अरुंद तुकडा. त्यात तुझी सलग ओळ बसणार कशी? तोडावीच लागली. माझी पद्धत तुला ठाऊक आहे. वरचा भाग उभ्याने वरून खाली कोरतो. गुडघा कुरकुरायला लागला, की स्टुलावर बसून खालचा भाग तळापासून वर आणतो. आजवर दोन्ही बाजू मधे बरोबर भेटल्या. या वेळी शब्द आईचे होते, लक्ष ठिकाणावर नव्हतं. मधे वीतभर दगड कोराच राहिला. असं दिसतं:

चढ अजून
सरला नाही
घर समोर
दिसते आहे
तुम्ही व्हा
पुढे



आले मी
जरा इथे
बसते आहे

बागखात्याची माणसं अठरा तारखेला बाक बसवायला येणार आहेत. मधल्या जागेत एखादं फूल कोरू का?

शिव्या मोजक्या घाल, धाकट्यावर लोभ ठेवून घाल.

तुझा,
ठोक्या


१५ फेब्रुवारी

चि. ठोक्यास,
आशीर्वाद.

फूलबिल काही नको! मी पाळणा पाठवला आणि तू त्याची शिडी केलीस.

तुझा दगड मी मोठ्याने वाचून पाहिला. शब्द सगळे माझेच, एकही इकडचा तिकडे झालेला नाही. पण माझ्या कवितेत आई हसत बोलते आणि तुझ्या दगडावर तिला धाप लागते. दोन शब्द, की थांबा. पुन्हा दोन शब्द, पुन्हा थांबा. आणि त्या कोऱ्या जागेशी तर माझाच श्वास अडकला. ती धाप विसरता यावी म्हणून तर मी चाल लावली होती रे! बाबांनी आधीच हाय खाल्ली आहे. हे वाचलं तर फाटकाचं नाव पुन्हा काढायचे नाहीत.

बागखात्याला थांबव. दुसरा दगड घे. तोवर हा बाबांच्या दृष्टीस पडता कामा नये.

राग आहे, पण मायेच्या आत आहे.

ताई


१९ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र आज हाती पडलं आणि बाक कालच बसला. तरी मी त्या लोकांना म्हणत होतो, की ताईचं उत्तर येईपर्यंत थांबा. आमची हुज्जत ऐकून वरून बाबाच उतरले. पायात घरातल्या सपाता. सकाळचं धुकं अजून झाडांत होतं, ते त्यातून येताना मला आधी खरेच वाटले नाहीत.

दगडासमोर उभे राहून ते मोठ्याने वाचू लागले. 'पुढे' म्हणाले आणि थांबले. मला वाटलं, संपलं सगळं. ते सावकाश वळले आणि खालच्या रस्त्याकडे बघत राहिले. कामकऱ्यांनीही हातातली पहार खाली ठेवली. बऱ्याच वेळाने अगदी हळू म्हणाले, आले मी. मग बाकाच्या एका टोकाला बसले. दुसरं टोक रिकामं ठेवलं.

दगड बदलायचा का, हे विचारायची मला हिंमत झाली नाही. ते तूच विचार.

तुझा भेदरलेला,
ठोक्या


२८ फेब्रुवारी

चि. चिमणीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. ठोक्याने तुझ्या मूळच्या दोन सलग ओळीही दाखवल्या. गोड आहेत. मुलं टाळ्या वाजवून म्हणतील. पण त्यात 'तुम्ही व्हा पुढे' म्हटल्याबरोबर तुझी आई 'आले मी' म्हणून मोकळी होते. अगं, ती इतक्या लगेच कधी आली होती का?

माझी चाल टपालवाल्याची. मी वळणापर्यंत जायचो आणि मागे बघत उभा राहायचो. झाडांतून तिची छत्री दिसेपर्यंत जीव थाऱ्यावर नसायचा. छत्री दिसली, की मी उगाच आकाशाकडे बघायचो, वाट बघत होतो हे तिला कळू नये म्हणून. तिला कळायचंच. ती गेल्यावर वाट बघायलाही कुणी उरलं नाही, म्हणून खाली उतरत नव्हतो.

आता रोज उतरतो. वाचतो. कोऱ्या जागेशी आलो की गप्प राहतो. तेवढ्यात ती चढ चढते.

दगड बदलू नका. ठोक्याचा हिशेब जन्मभर चुकत आला, एकदा बरोबर चुकला. आणि शब्द तुझेच आहेत हो, त्याला फार शेफारू देऊ नकोस.

येशील तेव्हा गाडी खालीच सोड आणि चालत ये. दमलीस तर थांब, माझ्यासाठी घाई करू नकोस. मी बाकावर आहे.

तुझी वाट बघणारा,
बाबा