उघड्या दारात खुर्ची टाकून नाताळ

पहिला आला तो समोरच्या दारातला म्हातारा, आणि तोही माझ्यावर रागावूनच. पण थांब ताजबीअक्का, आधी सलाम आणि जय भीम घे, ते राहूनच गेलं. (सबीहा, तू सासूला वाचून दाखवते आहेस ना, तर सावकाश वाच आणि मध्येच हसू नको.) तुझे गुडघे कसे आहेत? तेल लावतेस की बाटली नुसती फडताळात ठेवलीस? गनीभाऊंचा खोकला गेला का? माझं म्हणशील तर मी जर्मनीत मजेत आहे. स्वेटरवर स्वेटर घालून गाठोडं झाले आहे, खाली वाकले की उठवायला प्राची लागते. चौथी शिकलेली बाई परमुलखातून लिहिते आहे, तेव्हा चुका पदरात घे. प्राची या कागदांचा फोटो काढून पाठवेल. तिला माझं अक्षर लागत नाही, ते बरंच आहे.

तर जीवनने मला इकडे कशाला धाडलं ते तुला ठाऊकच आहे. त्याची लेक प्राची इथे दवाखान्यात नर्स, दीड वर्ष एकटी राहते, फोनवर हसते पण त्या हसण्यात जीव नाही, म्हणून मला म्हणाला, "माय, तू जाय, देखी ये, आनि पोरले संगे लई ये." मीही साऱ्या सोनगीरला सांगून निघाले की नातीला घेऊनच येते (विमानात पट्टा कसा लावतात ते मात्र कोणाला विचारलं नाही, तो हवाईबाईने लावला, वासराला दावं लावावं तसा). इथे येऊन बघते तर जीवनचं खरंच निघालं. इमारतीत एवढी माणसं, पण कोणी कोणाच्या दारात जात नाही. समोर कोण राहतं त्याचं नाव प्राचीला माहीत नाही. कामावरून येते, भात खाते, मोबाईल बघत पडते. मी विचारलं तर म्हणाली, "आजी, काम आवडतं गं मला. घरी आल्यावर बोलायला कोणी नसतं, तेवढंच." तेवढंच म्हणे. मी मनात पक्कं केलं, दोन जानेवारीला परतीच्या विमानात माझ्या शेजारच्या खुर्चीत हिला बसवायची.

त्यात नाताळ आला. प्राचीची सकाळची ड्युटी. जाताना म्हणाली, आज बठ्ठं बंद शे, दुकानंबिकानं सारी, तू आराम कर. आता मला सणातलं एकच कळतं. ईदला तुझ्याकडून शीरखुर्मा येतो, चौदा एप्रिलला माझ्याकडून खीर जाते. ज्याचा सण त्याने पाठवायचं, दुसऱ्याने भांडं भरून परत करायचं. सारं जग असंच चालतं, असं मी धरून चालले. म्हणजे आज इमारतभरातून ताटं येणार, आणि परत काय भरून देऊ? म्हणून पहाटेच उठून भरीत केलं. वांगी इथली काळीकुट्ट, आपल्या हिरव्या वांग्याची सर नाही, पण विजेच्या भट्टीत भाजली, मिरच्या लाटण्याने ठेचल्या, पुऱ्या तळल्या. मग नवं लुगडं नेसून, वर प्राचीचा कोट आणि कानटोपी घालून, दार सताड उघडून उंबऱ्यात खुर्ची टाकून बसले. मांडीवर आपला सोनगीरचा पितळी डबा. धुळ्याच्या स्टँडवर गाडी लागायची वाट बघत बसावं, तशी बसले.

कोणी येईना. रस्त्यावर चिटपाखरू नाही. मला वाटलं, कोणी मोठा माणूस वारला की काय. सण त्यांचा आणि उपाशी मी. पाय गारठले, नाक गळायला लागलं, पण उठले नाही, न जाणो उठायला आणि ताट यायला गाठ पडायची.

तेवढ्यात तो म्हातारा आला. दिसायला हुबेहूब आपला चिंधानाना, तसेच कान. दाराकडे बोट दाखवतो, दंड चोळतो, काहीबाही बडबडतो. (आतली ऊब बाहेर घालवणं हा इथे मोठा गुन्हा आहे, हे प्राचीने मागाहून सांगितलं. त्याच्या दाराखालून गार वारा शिरत होता.) मला वाटलं, सणाचा आला आहे आणि उंबऱ्यात लाजतो आहे. "या ना नाना, लाजता काय," म्हणून हाताला धरून आत बसवला. तो उठे, मी बसवी. शेवटी त्याने खिडकीतून खालच्या बाईला हाक मारली. म्हातारी बिघडली आहे, कोणीतरी सोबत या, असं सांगितलं असणार. ती बिचारी एका पायाला पट्टा बांधलेली, कुबडी घेऊन जिना चढून आली. मी म्हटलं, झालं, लागली रांग. तिलाही बसवलं, दोघांपुढे भरीत-पुरी ठेवली. पहिल्या घासाला नाना लालबुंद. मी वर दही वाढलं. त्याने नाक पुसलं आणि ताटली पुढे केली.

प्राची आली तर दार उघडं, आत परकी माणसं. तिच्या हातातली पिशवीच पडली. तिला वाटलं, आजी गेली. मग तिघांचं त्यांच्या भाषेत बोलणं झालं. नाना म्हणाला म्हणे, दीड वर्ष रोज किल्लीचा आवाज ऐकतो, कोणाची ते आज कळलं. बाईचा पाय प्राचीने तिथेच मांडीवर घेऊन पट्टा नीट बांधला. मग माझ्याकडे वळली, "आजी, ते दार लाव म्हणून सांगायला आले होते, आणि तू त्यांना जेवायला बसवलंस?" आणि हसली, अक्का. आपल्या ओट्यावर हसायची तशी, नाकातून आवाज काढून.

जाताना नानाला डबा भरून दिला. दुसऱ्या दिवशी बघते तर डबा आमच्या दाराच्या मुठीला टांगलेला, घासलेला, आणि रिकामा. मला घास गोड लागेना. त्याच्याकडे गेले, झाकण काढून तळ दाखवला. त्याला वाटलं, नीट निघाला नाही. आत जाऊन पुन्हा घासून आणला. मी पुन्हा तळ दाखवला. बिचाऱ्याने इकडेतिकडे बघून त्यात एक लिंबू ठेवलं. मी म्हटलं, आता शिकलास.

असो. हा मुलूख माणसाने राहायचा नाही, एवढं माझं ठाम मत झालं आहे. दोन तारखेला निघते.

तुझी,
कलाबाई

ता. क. दोन तारखेला निघत नाही. माझ्या व्हिसाच्या कागदावर अजून महिनाभर राहता येतं म्हणे. तिकिटाचं बघायला जीवनला तूच सांग. मला तो जुमानत नाही, तुला घाबरतो, लहानपणी तू त्याला बोरीला बांधला होतास.

ता. क. आणखी एक, खरं याच्यासाठीच पत्र लिहायला बसले. पोरगी येणार नाही. मी तिला चल म्हटलंच नाही, आणि आता म्हणणारही नाही. हेही तूच सांग, आणि सांगताना त्याला आधी चहा दे. गावाने विचारलं तर म्हण, कलाबाईला इंग्रजी माणसांनी ठेवून घेतली. (ते जर्मन आहेत, पण गावाला तेवढं पुरे.)

ता. क. त्या लिंबाचं लोणचं काचेच्या बरणीत घातलं, बरणी डब्यात, आणि डबा परत नानाकडे गेला आहे. तो आणि कुबडीवाली रविवारी येतो म्हणाले आहेत.