किल्लीची आगगाडी

अमरावती,
२५ ऑगस्ट

प्रिय नितेशदादा,

नमस्कार. आईची कंबर आता कशी आहे? तिला सांग, मी दोन्ही वेळ नीट जेवते.

तुला एक विचारायचं आहे. आपण काय देतोय हे देणाऱ्यालाच माहीत नसेल आणि वस्तूची किंमत अठरा वर्षांनी कळली, तर ती वस्तू कुणाची? मला याचं उत्तर येत नाही. हे फोनवरही बोलता आलं असतं, पण तू मला मध्येच थांबवलं असतंस आणि मी थांबलेही असते. म्हणून पत्र.

त्या दिवशी तुला फोन केला तेव्हा मी खरंच आनंदात होते. मी जाते त्या वाचनालयाने जुन्या खेळण्यांचं प्रदर्शन भरवलं, म्हणून आपली किल्लीची आगगाडी नेऊन मांडली. तर नागपूरहून आलेले भगवंतराव नावाचे एक गृहस्थ तिच्यासमोर मांडी घालूनच बसले. ते जुनी खेळणी जमवतात. इंजिन उलटं करून पोटाखालचा शिक्का वाचला, रूळ तपासले, खोक्याचं झाकणसुद्धा हुंगून पाहिलं. म्हणाले, विलायती आहे, खोक्यासकट ऐंशी हजार देतो. मग इंजिनाच्या कपाळाचा रंग कशाने उडाला ते विचारलं. तान्ह्या पोळ्याला बाकीच्या पोरांनी लाकडी बैल मिरवले आणि माझ्या भावाने इंजिनालाच शिंगं चिकटवून घरोघर ओढत नेलं, असं मी सांगितलं. त्यांना हसावं की रडावं कळेना. त्या शिंगांनी दहा हजार खाल्ले म्हणे, नाहीतर नव्वद दिले असते.

मी तुला आकडा सांगितला आणि तू दुसऱ्याच दिवशी वेल्डिंगच्या गाळ्याचा बयाणा देऊन मोकळा झालास. तुला दोष देत नाही. इतकी वर्षं दुसऱ्याच्या दुकानात डोळे जाळलेस. दहावीनंतर तू शाळा सोडली नसतीस, तर माझी पदवी झाली नसती.

पण तेव्हापासून मला सारख्या बिस्मिल्लाबी आठवायला लागल्या. जुन्या शहरात त्यांची आणि आपली भिंत एक होती. इनायतुल्ला चाचा गेले, घर विकलं आणि त्या बाळापूरला निघाल्या. टेम्पोत जागा नव्हती म्हणून त्यांनी हा खोका तुझ्या हातात दिला. गाडी चाचांच्या लहानपणची. नवरा नुकताच गेलेला, घर सुटत असलेलं. अशा वेळी बाई कशाची किंमत बघणार?

आईला हे बोलून दाखवलं, तर ती म्हणाली, "जास्त शिकली म्हनून जास्त इचार करू नोको."

दादा, मी परवा बाळापूरला गेले. अकोल्यात गाडी बदलली आणि घरी आले नाही. स्टँडवर तुझ्या ओळखीचं कुणी भेटेल म्हणून तोंडाला ओढणी बांधून उभी होते. खोका पोटाशी धरलेला. एसटीत कंडक्टरने दोनदा विचारलं, तब्येत बरी नाही का.

बिस्मिल्लाबी फार थकल्या आहेत. मुलाजवळ, शाकीबजवळ राहतात. तो ऑटो चालवतो. मी सगळं सांगितलं, आकड्यासकट. खोटं कशाला बोलू, त्या मला जवळ घेतील असं मला वाटलं होतं. पण त्या म्हणाल्या, "मी नितेशले देलं होतं. त्यानं तुले शिकवलं, अन् तू त्याले सोडून मले विचारून राहिली?"

मी खोक्याचं झाकण लावलं.

खोका उचलून निघणार, तेवढ्यात शाकीब आला. त्याने झाकण उघडलं, फरशीवर बसला आणि रूळ जोडायला लागला. कोणता वाकडा रूळ कुठे बसतो, हे त्याच्या बोटांना अजून पाठ होतं. बिस्मिल्लाबी म्हणाल्या, राहू दे, ती आता दुसऱ्याची आहे. मान वर न करता तो म्हणाला, "अम्मी, तुमने भी मुझे कहाँ पूछा था?"

तो तुझ्याच वयाचा ना रे? त्या दिवशी त्याला टेम्पोत पुढे बसवलं होतं, आणि आपण दोघं ओट्यावर त्याच्यासमोरच गाडीला किल्ली देत होतो.

मी खोका तिथेच ठेवून आले. भगवंतरावांचा नंबर शाकीबला दिला. विकायची की ठेवायची, ते त्याचं तो ठरवेल. त्याने तुझाही नंबर मागून घेतला. फोन आला तर उचल.

आता गाळ्याचं. बी.एड.च्या फीसाठी जमवलेले पैसे मी आज सकाळी आईच्या खात्यात टाकले. ऐंशी हजार नाहीत, पण तुझा बयाणा बुडणार नाही एवढे आहेत. प्रवेश काल रद्द केला. सोमवारपासून राजापेठेतल्या एका शिकवणीत शिकवायला लागेन. हेही तुला न विचारताच केलं. हवं ते बोल, पण पैसे परत पाठवू नकोस. माझी जागा दुसऱ्या मुलीला मिळाली आहे.

तू जे बोलशील ते ऐकून घेणारी, तुझीच,
प्राजक्ता