पांढऱ्या टोपीची गवळण

नेकनूर,
१८ ऑक्टोबर २०२५

चि. सौ. उज्ज्वला हीस मोठ्या जावेचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

इकडे सगळे बरे आहेत, मी तेवढी थकले आहे. फोनवर तुझा आवाज ऐकला की तुझी शिवकन्या दिवसभर जेवत नाही, म्हणून पत्रांचं तूच काढलंस. आता सोयाबीनची रास, दोन गाई, अंथरुणाला टेकलेल्या आत्याबाई आणि दोन पोरी यांच्यातून हात मोकळा होईल तेव्हाच मी लिहिणार. हरिओम भाऊजी पहाटेच दुधाचा टेम्पो घेऊन जातात. बाप म्हणून त्यांचा उपयोग झोपलेल्या लेकराच्या डोक्यावरून हात फिरवण्यापुरता.

काल वसुबारस. पोरींना बाजारातला चांदणीचा कंदील पाहिजे होता. मी शेणाचं घमेलं पुढं ओढलं आणि दोघींना अंगणात गवळणी करायला बसवलं. फुकटचं काम, आणि तेवढा वेळ तोंडं बंद. माझ्या स्वप्नालीनं पेंद्या, जात्यावरची गवळण, ताकाचा डेरा, सगळं रीतसर केलं. शिवकन्येनं कोपरापर्यंत हात भरवून एकच केली. ज्वारीच्या काड्यांचे हात, झेंडूच्या पाकळ्यांची साडी आणि डोक्यावर कापसाची पांढरी टोपी. आत्याबाईंनी खाटेवरून नातीला विचारलं, ही कोण बाई, तर म्हणाली की आमची आई हाय, लातूरला सुया टोचती.

हसून हसून आत्याबाईंना ठसका लागला. मला हसू आलं आणि मग आलं नाही. असो. तब्येतीला जप, लोभ आहेच.

तुझी,
विजयमाला


लातूर,
२१ ऑक्टोबर

ती. सौ. ताईंना उज्ज्वलाचा सा. न. वि. वि.

पत्र आज मिळालं. वॉर्डातून आले, पाय सुजले होते, ते तसेच लोंबकळत ठेवून कॉटवर बसून दोनदा वाचलं. दिवाळीत आम्हा शिकाऊ मुलींना सुट्टी नाही, कारण भाजलेली पोरं याच दिवसांत येतात. दुसऱ्यांच्या लेकरांना मांडीवर घेऊन पट्ट्या बांधते आणि माझं लेकरू तुमच्या गळ्यात टाकलंय. लाज वाटते, ताई.

पांढरी टोपी आता कुणी घालत नाही, पण तिला सांगू नका. एवढं करा, तिची गवळण माळ्यावर ठेवून द्या, पाडव्याला मोडू नका. मी परीक्षा संपवून आले की बघेन. तुमच्या हातच्या गवळणी तर बैलासारख्या दिसतात, त्या खुशाल मोडा.

आत्याबाईंना नमस्कार. माया आहे तशी राहू द्या.

आपली,
उज्ज्वला


नेकनूर,
२४ ऑक्टोबर

चि. सौ. उज्ज्वला हीस अनेक आशीर्वाद.

तुझं उत्तर अजून नाही, पण थांबवत नाही म्हणून लिहिते. पाडव्याला रीतीप्रमाणे सगळ्या गवळणी गोळा केल्या, मळल्या आणि गोवऱ्या थापल्या. संक्रांतीला त्यांच्यावरच दूध उतू घालायचं असतं. घाईत तुझ्या लेकीची गवळणही त्यात गेली. मागं बघितलं तर न्हाऊन आलेली शिवकन्या ओल्या केसांनी उभी.

रडली नाही. रडली असती तर बरं होतं. नुसतं म्हणाली की आईची गवरी झाली, आता आई न्हाई. तेव्हापासून मला मोठी आई म्हणणं सोडलं. नुसतं आई म्हणते. स्वप्नाली भांडते की ही माझी आई हाय, तुझी न्हाई, आणि घरात रोज रडारड.

माझं अंग मोडून गेलंय, उज्ज्वला. आणि खरं सांगू का, तिनं आई म्हटलं की मी ओ देते. गोड वाटतं. त्याचीच मला भीती वाटते. एक दिवस तरी ये.

तुझी,
विजयमाला


लातूर,
२८ ऑक्टोबर

ती. सौ. ताईंना सा. न. वि. वि.

माझं पत्र उशिराच पोचलं असणार. तुमचा काही दोष नाही, रीत ती रीत.

मी बॅग भरली आहे. शिक्षण सोडून कायमची येते. मोठ्या सिस्टर म्हणाल्या की आता सोडलंस तर पुन्हा घेणार नाहीत. नका घेऊ. लेकरानं जिवंतपणी मला संपवलं, त्यापुढं कसली नर्स? तुम्ही फक्त ये म्हणा. यांना मी समजावेन.

आपली,
उज्ज्वला


नेकनूर,
१ नोव्हेंबर

चि. सौ. उज्ज्वला हीस अनेक आशीर्वाद. वि. वि.

बॅग रिकामी कर. भाऊजी नको नको म्हणत असताना त्यांच्याशी भांडून मी तुला पाठवलं, ते अर्ध्यातून परत यायला नाही. आणि ते तुझ्या एकटीसाठीही नव्हतं. उद्या माझ्या स्वप्नालीनं शिकायचं म्हटलं तर बोट दाखवायला या घरात एक बाई पाहिजे.

पुढच्या रविवारी सकाळच्या एसटीनं ये आणि संध्याकाळी परत जा. जाताना ती गळ्याला पडेल, लोळण घेईल. घेऊ दे. ते मी बघून घेईन.

काल संध्याकाळी मी गोठ्यात धार काढत होते. शिवकन्येनं अंगणातून हाक मारली, आई. मी धार काढतच राहिले. पुन्हा मारली, मग रडत मारली. आत्याबाई आतून ओरडल्या की अगं काहून लेकराला रडवतीस, ओ दे की. मी गाईच्या पोटाला डोकं लावून बसले आणि ओ दिली नाही. लई वेळानं दाराशी येऊन ती म्हणाली, मोठी आई.

तेव्हा उठले आणि तिला कडेवर घेतलं.

रविवारी येशील तेव्हा ती कुणाला आई म्हणते ते तू ऐक. मी त्या वेळी शेतात असेन.

तुझी,
विजयमाला